टिकल्यांचा आरसा

लिलाव रविवारी होता आणि मंगळवार उजाडला तरी सरांनी ब्रश हातात घेतला नव्हता.

माझ्या शेडमध्ये स्टुलावर ते बसून होते. समोर ड्रेसिंग टेबल. त्याचे पाय मी कापून घेतले होते, ड्रॉवर काढून ठेवले होते, आरसा उतरवून भिंतीला टेकवला होता. सर आरशाकडे बघत होते आणि मी सरांकडे. मधूनच ते चहा मागायचे, तो गार करून प्यायचे आणि पुन्हा आरशाकडे बघत बसायचे.

नगरजवळ केडगावला माझी ही पत्र्याची शेड आहे. (जिल्ह्याचं नाव बदललं, तरी आम्ही बोलताना नगरच म्हणतो.) मी फर्निचर डिझाइन करते आणि दोन कारागीर हाताशी घेऊन बनवूनही देते. बहुतेक काम बंगल्यांच्या स्वयंपाकघरांचं आणि कापडदुकानांच्या काउंटरचं. सर कोपरगावचे, शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले. आमची जोडी डॉक्टरबाईंनी लावून दिली होती.

डॉक्टरबाई लहान मुलांच्या डॉक्टर. माझा मुलगा दम्याने निळा पडायचा त्या दिवसांत मी त्याला कडेवर घेऊन त्यांच्याच दवाखान्यात धावायचे. त्यामुळे त्यांना नाही म्हणणं मला कधी जमलेलं नाही. शेवगाव रस्त्याला मूकबधिर मुलांचं एक वसतिगृह आहे, त्याचा कारभार त्या बघतात. फाल्गुनातल्या अवकाळी वादळात त्या वसतिगृहाचं छप्पर उडालं. पत्रे शेजारच्या तुरीच्या रानात जाऊन पडले. मुलं वाचली, पण तेव्हापासून ती शाळेच्या वर्गांत बाकं बाजूला सारून झोपत होती. पावसाळ्याच्या आत छप्पर व्हायला हवं होतं. मग डॉक्टरबाईंनी हा घाट घातला. लोकांकडून जुनं फर्निचर मागायचं, एकेक वस्तू एका चित्रकाराच्या आणि एका डिझायनरच्या हवाली करायची, त्यांनी मिळून तिचं नवं काहीतरी करायचं आणि मंगल कार्यालयात सगळ्याचा लिलाव करायचा.

आमच्या वाट्याला हे ड्रेसिंग टेबल आलं. नगरमधल्याच सावेडीतल्या एका घरातून ते आणायला मी स्वतः टेम्पो घेऊन गेले होते. देणाऱ्या बाई साठीच्या आसपासच्या. बोलल्या फारसं नाहीत, पण टेम्पो वळेपर्यंत फाटकात उभ्या होत्या. टेबल लिंबाच्या लाकडाचं, गावाकडच्या सुताराच्या हातचं. वर कमळ कोरलेलं, त्याच्या दोन्ही बाजूंना पोपट, आणि त्यातला एक पोपट जरा जाडच झालेला. आरशाचा पारा कडेने गेला होता. आणि आरशाच्या उजव्या कडेला, वरून खालपर्यंत, टिकल्या चिकटवलेल्या होत्या. बारीक, लांबट, सगळ्या एकाच मरून रंगाच्या.

माझ्या डोक्यात सगळं पहिल्या दिवसापासून स्पष्ट होतं. पाय कापायचे, वरच्या फळीला उतार द्यायचा, ड्रॉवरच्या जागी पुस्तकांचे कप्पे करायचे. मुलांसाठी बैठं लिहायचं टेबल. आरसा बदलून नवा बसवायचा. सरांना बाकी सगळं मान्य होतं, आरशाला मात्र त्यांनी हात लावू दिला नाही.

"या टिकल्या काढायच्या नाहीत," ते म्हणाले.

"सर, पारा गेलाय. टिकल्या मळल्यात. विकत घेणारा माणूस काय म्हणेल?"

"हे चित्र कोणीतरी आधीच काढून ठेवलंय. मी फार तर त्याच्याभोवती काही करू शकेन. काय करायचं ते मला अजून दिसत नाही."

"कधी दिसेल?"

"ते मला कसं माहीत असणार?"

असे आमचे खटके रोज उडत होते. मी आवाज चढवला की ते आणखी हळू बोलायचे, त्याने मला जास्तच राग यायचा. त्यात मंगळवारी दुपारी डॉक्टरबाई येऊन गेल्या, त्यांनी आरशाचा आणि पोपटांचा फोटो काढला आणि लिलावाच्या जाहिरातीवर तोच टाकला, खाली माझ्या शेडच्या पत्त्यासकट. संध्याकाळपर्यंत तो या ग्रुपवरून त्या ग्रुपवर फिरायला लागला. कोपरगावकडच्या एका साखर कारखानदाराच्या घरून विचारणाही आली. डॉक्टरबाईंचा फोन आला तेव्हा त्यांच्या आवाजात कित्येक दिवसांनी हसू होतं. "तुमच्या टेबलावर सगळ्यांचा डोळा आहे," त्या म्हणाल्या. "आता मला तोंडघशी पाडू नका."

बुधवारी सकाळी एक पांढरी पिकअप शेडच्या दारात येऊन आडवी लागली.

आधी टोपी घातलेले एक वयस्क गृहस्थ उतरले, त्यांच्यामागून डोक्यावर पदर घेतलेल्या एक बाई. कोणी ऑर्डर घेऊन आलंय असं वाटून मी पुढे झाले. बाई माझ्या बाजूने सरळ आत गेल्या. आरशापुढे उकिडव्या बसल्या. हात पुढे केला, पण टिकल्यांपासून बोटभर अंतरावर तो थांबला. मग त्यांनी मान वळवून टेबलाकडे पाहिलं.

"ह्याचं पाय कुठं गेलं?"

"काढलेत," मी म्हणाले. "आम्ही याचं मुलांसाठी टेबल करतोय. तुम्ही कोण?"

"मी हिची आई," आरशाकडे बोट करून त्या म्हणाल्या.

मला काही कळेना. सर मात्र स्टुलावरून उठून उभे राहिले.

सांगितलं ते त्या गृहस्थांनी. ते बाईंचे दीर. शेवगाव तालुक्यातलं एक गाव. "माझ्या पुतनीचं हाय ह्ये. लग्नात आमी दिल्यालं. आमच्या बांधावरचा लिंब तोडून, घरापुढं सुतार बसवून करून घेतलं हुतं. लगीन हुईस्तवर आमच्याच घरात हुतं. पोरगी नगरला दिली आन दुसऱ्याच वर्षी डेंग्यूनं गेली. काल गावातल्या ग्रुपवर फोटू आला. ह्ये इकायला काढलंय म्हनून."

"फोटूत टिकल्या दिसल्या," बाई म्हणाल्या. "ती गोल टिकली कधी लावायची न्हाई. आंघूळ करताना काढायची आन आरशाला डकवायची. मी वरडायचे तिच्यावर."

आतल्या बाजूला मशीन चालू होतं. मी कारागिराला हात करून ते बंद करायला लावलं. ते थांबलं तशा बाईंच्या बांगड्या वाजलेल्या ऐकू आल्या.

मी डॉक्टरबाईंना फोन लावला. दुसरं काय करणार होते? देणारे एक, मागणारे दुसरे, आणि मी मधल्यामध्ये कापलेलं टेबल घेऊन उभी. डॉक्टरबाई ओपीडी सोडून आल्या, गळ्यातला स्टेथोस्कोपही तसाच. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं, बाईंच्या खांद्यावर हात ठेवला. आवाज मात्र त्यांनी कामाचाच ठेवला.

"तुमचं दुःख मला कळतंय. पण हे आम्हाला तुमच्या मुलीच्या सासरच्यांनी दिलं. आम्ही कुणाच्या घरातून उचलून आणलेलं नाही. चाळीस-पन्नास मुलं जमिनीवर झोपतायत हो. लिलावात सगळ्यात जास्त मागणी याच टेबलाला आहे. हे काढून घेतलं तर अर्धं छप्पर काढून घेतल्यासारखं होईल."

"त्यांचं नव्हतंच तर त्यांनी दिलं कसं?" दीर म्हणाले. "वहिनी, सरका. मी गाडी मागं घेतो."

ते बाहेर गेले. पिकअप सुरू झाल्याचा आवाज आला. डॉक्टरबाई शेडच्या दारात जाऊन मधोमध उभ्या राहिल्या. गाडी मागे येत राहिली. मागचं फळकं त्यांच्यापासून हातभर राहिलं तेव्हा मी ओरडले. गाडी थांबली. डॉक्टरबाई हलल्या नव्हत्या.

"असं उचलून नेता येणार नाही," त्या म्हणाल्या. "मला पोलिसांना बोलवायला लावू नका."

दिरांनी खिडकीतून मान बाहेर काढली. "बलवा की. आमी बी सांगू पोलिसांना काय सांगायचं त्ये."

"मी हे रंगवणार नाही," सर मध्येच म्हणाले, त्यांच्या नेहमीच्या हळू आवाजात.

डॉक्टरबाई त्यांच्यावर उसळल्या. "तुम्ही तसंही रंगवत नव्हता, सर!"

माझ्या हातात टेबलाचा एक ड्रॉवर होता. तो मी कधी उचलला तेही मला आठवत नाही. सगळे थोड्या वेळाने माझ्याकडे बघणार, शेड माझी, निर्णय मला विचारणार, हे दिसत होतं.

तेवढ्यात बाई उठल्या. "भांडू नका," त्या म्हणाल्या. "इहीनबाईंना बलवा. त्यांनी माझ्या म्होरं सांगावं, का दिलं ते. मग मी जाईन."

डॉक्टरबाईंनी टेबल देणाऱ्या सावेडीच्या बाईंना फोन केला. येते म्हणाल्या.

तोवरचा वेळ फार वाईट गेला. दीर गाडीतच बसून राहिले, डॉक्टरबाई दारात. बाई शेडमध्ये फिरत होत्या, काहीतरी शोधत होत्या. कोपऱ्यात कापलेल्या तुकड्यांचा ढीग होता, त्यातून त्यांनी टेबलाचे चारही पाय हुडकून काढले. प्रत्येक पदराने पुसला. मग ते मांडीवर आडवे घेऊन बसल्या. मी पाणी दिलं, ते त्यांनी घेतलं नाही. "ऱ्हाऊ द्या, ताई," एवढंच म्हणाल्या.

विहीणबाई रिक्षातून एकट्याच आल्या. दारात डॉक्टरबाईंनी त्यांना वाट दिली. आत आल्या आणि टेबलाचे पाय मांडीवर घेऊन बसलेल्या बाईंना पाहून जागच्या जागी थांबल्या. आधी बोलल्या त्या मुलीच्या आईच.

"मला एक फोन करायचा हुता, इहीनबाई."

"काय बोलले असते फोनवर?" विहीणबाई म्हणाल्या. "तुमच्या मुलीचं सामान घेऊन जा, असं बोलले असते? तुम्ही काय समजला असता? लोक काय म्हणाले असते? पोरगी गेली, वर तिचं सामानही घराबाहेर काढलं."

"मग आता काय केलं?"

"आता..." त्या एकदम रडायला लागल्या, आणि रडतरडतच बोलत राहिल्या. मुलाचं दुसरं लग्न झालं. नवी सून चांगली आहे, पण तिला दिवस गेलेत आणि ती त्या आरशापुढे बसत नाही. कधी काही बोलली नाही. स्वयंपाकघरात स्टीलच्या डब्याच्या झाकणात बघून केस विंचरते. "एक दिवस म्हटलं, टिकल्या तरी काढून टाकू. चाकू घेऊन बसले. एक टिकली काढली. हात पुढं जाईना. ती पुन्हा जिथल्या तिथं चिकटवली, तर चिकटेना. मग डिंक लावून चिकटवली. वरून तिसरी. बघा, थोडी वाकडी बसलीय." त्यांनी पदराने तोंड पुसलं. "मुलांच्या कामासाठी मागतायत कळलं, तर वाटलं, चांगल्या कामाला जाईल. कोणाला काही सांगायला लागणार नाही. तुम्हाला कळणार नाही."

आई उठल्या, आरशाजवळ गेल्या आणि वाकून वरून तिसरी टिकली पाहिली.

मग डॉक्टरबाईंकडे वळून त्यांनी विचारलं, "ह्ये कुनाच्या घरात जानार?"

डॉक्टरबाई खोटं बोलल्या नाहीत. "जो जास्त बोली लावेल त्याच्या. मुलांकडे राहणार नाही. पैसे मुलांना."

"मंजी कुनाच्याबी."

"हो."

"मुलांकडं जानार असतं तर मी न्हाई म्हनाले नसते," बाई म्हणाल्या. "पन कुनाच्याबी घरात न्हाई. माझी पोरगी त्यात बघायची."

डॉक्टरबाईंनी डोळे मिटून घेतले. त्यांच्याकडेही उत्तर होतं, ते मला माहीत होतं आणि तेही खरंच होतं. पण त्यांनी तोंड उघडायच्या आत विहीणबाई म्हणाल्या, "डॉक्टर, मी दिलेलं परत मागते. माझ्याकडून चूक झाली समजा. मी परत घेते आणि यांना देते. आता तर तुमचा अडथळा नाही ना?"

डॉक्टरबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "तू सांग. तू तरी सांग यांना. मुलं पाहिलीस ना तू?"

मी पाहिली होती. वर्गात ओळीने अंथरलेल्या सतरंज्या पाहिल्या होत्या. माझ्या तोंडून निघालं, "जाऊ द्या, डॉक्टरबाई."

त्या दारातून बाजूला झाल्या, आपल्या गाडीत बसल्या आणि निघून गेल्या. माझ्याकडे वळून पाहिलंही नाही.

टेबल आम्ही सगळ्यांनी मिळून चढवलं. आरसा विहीणबाईंनी स्वतः धरला, आणि दिरांनी गाडीतलं घोंगडं त्याला गुंडाळलं. पाय मी ठेवून घेते म्हणाले, त्यांचे सांधे करायला वेळ लागणार होता. सांधे झाले की मी स्वतः गावी येऊन जोडून देईन. बाई थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिल्या आणि मग त्यांनी एकेक करून पाय माझ्या हातात दिले. गाडी निघताना विहीणबाई खिडकीजवळ गेल्या. "मी कधी आले तर चालेल का?" त्यांनी विचारलं. आईंनी समोर बघितलं. दिरांनी गाडी गिअरमध्ये टाकली.

त्यानंतर मी सरांना म्हणाले, "आता रविवारी काय मांडायचं?"

सर म्हणाले, "वसतिगृहावर चल."

वादळाने वाकवलेले पत्रे तिथे भिंतीलगत रचलेले होते. एक लोखंडी पलंगही पडला होता, त्याच्यावर तुळई कोसळून कंबर मोडलेला. मुलं आमच्याभोवती जमली. सरांनी पत्र्याकडे बोट दाखवून हातवारे करत विचारलं, त्या दिवशी काय झालं? एका मुलीने दोन्ही तळवे उघडून डोक्यावरून असे फिरवले की मला अंगावर वारा आल्यासारखं झालं. मग सगळेच सांगायला लागले, एकाच वेळी, नुसत्या हातांनी. सर मातीत बसून वहीत ते हात काढत होते. इतके दिवस जो माणूस ब्रश उचलत नव्हता त्याला मी आता जेवायला उठवू शकत नव्हते.

पलंगाच्या सांगाड्याचा मी बाक केला. बसायला तुळईच्या फळ्या लावल्या. पाठीला वाकलेला पत्रा तसाच ठेवला, नुसत्या धारा घासून घेतल्या, आणि सरांनी त्याच्यावर ते हात रंगवले. शनिवारी संध्याकाळी रंग ओलाच होता. आम्ही पुन्हा भांडलो, या वेळी वॉर्निशवरून.

लिलावात आमचा बाक शेवटी आला. कारखानदारांच्या घरची मंडळी ड्रेसिंग टेबल नाही कळल्यावर चहा घेऊन उठून गेली होती. त्यांच्यामागून आणखी काही उठले. मंगल कार्यालयातल्या अर्ध्या खुर्च्या रिकाम्या झाल्या. बोली पुकारणारा माणूस घसा ताणत होता आणि समोरून कोणी हात वर करत नव्हतं. सर शांत बसले होते, पण रुमालाची घडी उलगडत होते आणि घालत होते. शेवटी शेवगावच्या एका बियाणांच्या दुकानदाराने बाक घेतला. बेताच्या बोलीत. डॉक्टरबाईंनी स्टेजवरून सगळ्या जोड्यांचे आभार मानले. आमचे मानताना त्यांचे डोळे कागदावरच होते. जमलं ते पुरेसं नव्हतं, हे त्यांनी स्वतःच माइकवर सांगितलं.

पाय जोडायला मी आणि सर त्यांच्या गावी गेलो ते अक्षय्य तृतीया झाल्यावर. मी लाकडी खुंट्या घालून सांधे केले होते. सांधा लपत नव्हता, मी तो लपवायचा प्रयत्नही केला नाही. बाईंनी टेबल माजघरात, खिडकीशेजारी ठेवलं. उभं राहिल्यावर ते थोडं डुगडुगलं. दिरांनी एका पायाखाली लाकडाची पातळ ढलपी सारली.

"बसून बघा," मी म्हणाले.

त्या बसल्या, पण लगेच उठल्या. "ती बसायची तवा मी मागं हुबी ऱ्हायची, येनी घालाया. मला हितं बसायची सवं न्हाई." मग त्या बसायच्या जागेच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या आणि तिथून आमच्याशी बोलत राहिल्या. निघताना म्हणाल्या, "इहीनबाई आल्त्या परवा. जेवल्या न्हाईत. च्या घेतला."

परत येताना वसतिगृह वाटेवरच होतं. गाडी थांबवायची की नाही ते माझं ठरत नव्हतं. शेवटी मीच वळवली. अर्ध्या इमारतीवर नवे पत्रे चढले होते, उरलेल्या अर्ध्यावर नुसते लोखंडी पाईप. खाली डॉक्टरबाई पदर खोचून मिस्त्रीशी वाद घालत होत्या. आम्हाला पाहून त्या आमच्याकडे वळल्या. इतक्या दिवसांत त्यांनी माझा एकही फोन उचलला नव्हता.

"सर, उन्हात उभे राहू नका, आत बसा," त्या म्हणाल्या. मग मला म्हणाल्या, "वर चढ आणि बघ. मिस्त्री म्हणतो उतार बरोबर आहे. मला तसं वाटत नाही."

मी चप्पल काढली आणि शिडी चढले. वर पत्रा इतका तापला होता की हात टेकवत नव्हता. मिस्त्रीची लेव्हलपट्टी लावून पाहिली. उतार खरंच कमी होता, जोराच्या पावसात पाणी भिंतीकडे तुंबलं असतं.

"कमी आहे!" मी वरून ओरडले.

"मग सांग त्याला," त्या खालून म्हणाल्या, आणि दोन्ही हातांनी शिडी धरून उभ्या राहिल्या.